निळी नक्षी, व्हाया बसरा

पांढऱ्या बशीवर निळी फुलं दिसली की तुम्ही काय म्हणता? ‘चायनीज!’ आपण तर अशा भांड्यांच्या मातीलाच ‘चिनी माती’ म्हणतो. पण या निळ्या-पांढऱ्या जोडीचा माग काढत गेलात, तर वाटेत एक वेगळंच गाव लागतं. इराकमधलं बसरा, नववं शतक.

तेव्हा अब्बासी खलिफांच्या राज्यात चीनहून येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांची जबरदस्त क्रेझ होती. बसऱ्याच्या कुंभारांनाही तसाच माल काढायचा होता. पण हाताशी ना ती पांढरी केओलिन माती, ना तेवढी तापणारी भट्टी. त्यांची माती पिवळट. मग त्यांनी जुगाड केला. भांड्यांवरच्या झिलईत कथिलाचं भस्म मिसळलं. हो, तेच कथील, ज्यानं आपल्याकडे पितळी भांड्यांना कल्हई करतात! झिलई दुधासारखी पांढरी झाली आणि खालची माती झाकली गेली.

इथवर ही निव्वळ ‘फर्स्ट कॉपी’च, असं तुम्ही म्हणालात तरी चालेल. गंमत पुढे आहे. मूळ चिनी वाडगे बहुतेक कोरे असत. यांनी त्या पांढऱ्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगानं चितारायला सुरुवात केली. भट्टीत हा रंग झिलईत मुरतो आणि साध्या कागदावर शाई फुटावी तशी रेघ फुटते. मला तर ती फुटलेली रेघच जास्त आवडते. पानं, फुलं आणि मधोमध अरबी अक्षरं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या एका वाडग्यावर ‘आनंद’ अशा अर्थाचा शब्द दोनदा लिहिलाय. काहींवर ‘बरका’ असतं, म्हणजे आपली बरकत!

ही आवड चीनपर्यंत पोहोचली असावी. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. बांधणी अरबी, फळ्या दोरीनं शिवलेल्या, आत सुमारे ६० हजार चिनी भांडी. त्यात निळ्या-पांढऱ्या बशा फक्त ३. चीनमध्येच घडवलेल्या, पण नक्षी शंकरपाळ्याच्या आकाराची, पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकाला रुचेल अशी.

चौदाव्या शतकात चीनच्या जिंगदेझेनमध्ये ही भांडी धडाक्यात बनू लागली, तेव्हा त्यातल्या उत्तम मालासाठी कोबाल्ट यायचा इराणच्या बाजूनं. पुढे बाहेरून येणाऱ्या अशा निळ्याला चिनी लोक चक्क ‘मुस्लिम निळा’ म्हणू लागले.