वलांडीवरचा पाऊस

मार्च ते मे या तीन महिन्यांत मिरा-भाईंदरच्या आभाळाकडून जुन्या गावांची एकच अपेक्षा असते, त्याने कोरडं राहावं. इमारतींत राहणाऱ्यांना हे पटणं अवघड आहे. घामाने निथळत संध्याकाळच्या लोकलमधून उतरावं आणि गार वाऱ्याबरोबर चार थेंब अंगावर यावेत, हे कोणाला नको असतं? पण ज्या गावांवर हे शहर उभं राहिलं त्यांचं पोट मिठावर आणि मासळीवर चालत आलं. खाडीलगतच्या मिठागरांना आणि उत्तन, चौक, पालीच्या मासळी सुकवायच्या खळ्यांना पावसाळा सरल्यापासून आगोटीपर्यंत सलग ऊन लागतं. बातम्यांत पावसाचे आकडे येतात ते बहुतेक सांताक्रूझ नि कुलाब्याचे. त्या पावसाने काय केलं, ते मात्र खळ्यावरच कळतं. म्हणून गेल्या दहा-अकरा उन्हाळ्यांचा हा मागोवा तिथूनच घेतला आहे.

ओल्या बोंबलात मांसापेक्षा पाणीच जास्त. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकायची. बांबू रोवून, त्यांना आडव्या दोऱ्या ताणून केलेली ही वलांडी. चांगलं ऊन आणि वारा मिळाला तर तीन-चार दिवसांत बोंबील कडक होतो. मधेच पाऊस आला तर तो पुन्हा मऊ पडतो, वास धरतो, एक-दोन दिवसांत आळ्या होतात. मग तो खतासाठी मिळेल त्या भावाने जातो. जवळ्याचं तर विचारूच नका. तो जमिनीवर पसरलेला असतो, एक सर आली की सगळा चिखल. मासळी दर्यातून पुरुष आणतात, पण ती सुकवायची, राखायची आणि विकायची बायकांनी. अवकाळी पाऊस बुडवतो ते या बायकांचं भांडवल.

मिठागराचं गणित वेगळं असलं तरी तितकंच नाजूक. खाडीचं पाणी एका कोंडीतून दुसरीत घेत, उन्हाने आटवत, घट्ट करत न्यायचं, तेव्हा शेवटच्या वाफ्यात मिठाचा दाणा धरतो. जोराची सर आली की धरलेला दाणा विरघळतो आणि मागचं पाणीही पातळ होतं. मार्चमध्ये हे झालं तर पुन्हा सुरुवात करता येते, मेमध्ये झालं तर हंगाम तिथेच आटोपतो. भाईंदरची बरीच मिठागरं आता पडीक दिसतात. त्यामागे जमिनीची आणि मजुरीची कारणं मोठी आहेत, पण आभाळाचा भरवसा गेल्यावर तग धरणं आणखी कठीण होतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे गारवा येतो तो बहुतेक वेळा लांबून. उत्तरेकडे पश्चिमी झंझावात सरकत असतो, विदर्भापासून दक्षिणेकडे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि त्यात समुद्रावरचं बाष्प मिसळलं की मळभ दाटतं. २०१५ मध्ये फेब्रुवारीचा शेवटचा दिवस आणि मार्चचा पहिला असाच गेला. राज्यभर पाऊस झाला, बातम्या गहू, द्राक्षं नि आंब्याच्या आल्या. सुक्या मासळीचं नाव क्वचित कुठे दिसलं.

२०२३ चा वसंत तर लहरीच होता. ६ मार्चला होळीच्या सुमारास मुंबई-ठाण्यात विजांसह सरी आल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्चला, पुन्हा पाऊस. हवा गार झाली, पंखे मंदावले. आणि पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिलला, खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं गेली. मार्चच्या गारव्यावरून एप्रिलचा अंदाज बांधता येत नाही, हे त्या वर्षी फार मोठी किंमत मोजून कळलं.

पण सगळ्यात मोठा घाव २०२१ चा. १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईसमोरून, समुद्रातूनच, उत्तरेला गेलं आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकलं. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरच्या वाऱ्याची नोंद झाली. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. ज्या महिन्याची सरासरी दहा-पंधरा मिलिमीटर, त्यात हा एका दिवसाचा पाऊस! आधीच कोरोनाच्या निर्बंधांनी बाजार मंदावलेला. आगोटीच्या बेगमीसाठी जमवलेला सुका माल विकला जायचा तो हाच पंधरवडा, आणि तोच हातचा गेला.

२०२५ मध्ये वादळाचीही गरज लागली नाही. ६ मेच्या रात्री वाऱ्यासह पाऊस आला आणि महिनाभर आभाळ पुरतं मोकळं झालंच नाही. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून, आणि नोंदींतलं आधीचं सर्वांत लवकरचं आगमन २९ मेचं. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मोडला. मासेमारी बंदी १ जूनपासून असते, म्हणजे हंगामाचे शेवटचे, सगळ्यात कमाईचे दिवस पावसात वाहून गेले. त्याच्या महिनाभर आधी, २२ एप्रिलला, राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला होता. चांगला निर्णय आहे, मनापासून वाटतं. फक्त त्या दर्जाची वाट वलांडीपर्यंतही गेली पाहिजे. आडव्या झालेल्या पिकाचा पंचनामा कसा करायचा हे तलाठ्याला ठाऊक असतं. दोरीवर सडलेल्या बोंबलाचा पंचनामाही तितक्याच सहज व्हायला हवा, आणि तो ज्या बाईचा माल आहे तिच्या नावाने व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट आजच्या आज करता येण्याजोगी आहे. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यानुसार येतो. ठाणे जिल्ह्याचा पिवळा इशारा मुरबाडच्या डोंगरालाही आणि उत्तनच्या किनाऱ्यालाही. खाडीपलीकडची वसई २०१४ पासून पालघरमध्ये, म्हणजे एकाच खाडीच्या दोन काठांना दोन वेगळे इशारे. मेमधला ढग मुरबाडला फुटला तर उत्तनला कडक ऊनही असू शकतं. वाळायला घातलेला माल दिवसभर झाकून ठेवणं म्हणजे तो कुजवणंच, म्हणून खळ्यावर पुढच्या तीन तासांची बातमी लागते, आणि ती याच किनाऱ्याची. जोगेश्वरीजवळ वेरावलीला २०२२ पासून डॉप्लर रडार आहे, खातं तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतं. ढग समुद्रावर असतानाच रडारला दिसतो. उत्तनच्या खळ्यांवरच्या बायकांना मराठीत एक फोन, एक भोंगा, एवढीच सोय उरली आहे. ती महापालिकेने केली तरी चालेल, मच्छीमार सोसायट्यांनी केली तरी चालेल, पण येत्या फाल्गुनाच्या आत व्हावी.