अंगठा, स्टॅम्प आणि ढेपेचा सौदा

सकाळी ७.३०

ओट्यावर चपलांचे दोन जोड दिसले की चहाचं आधण वाढवायचं, हे आमच्या घरात ठरलेलं आहे. खामगावात वकिलाचं कोर्ट असं घरापासूनच सुरू होतं. आज एक शेतकरी आणि त्याचा भाचा आले होते. गुढीपाडव्याला सालदार ठेवला, चाळीस हजारांची उचल दिली आणि ऐन पेरणीत तो सासुरवाडीला जाऊन बसला.

"कागद तं काईच नाई साहेब. गेलेच समजा ना पैसे?"

नाही गेले. वऱ्हाडात साल तोंडीच ठरत आलंय आणि १८७२च्या करार कायद्याला त्याचं वावडं नाही. त्याचं दहावं कलम विचारतं ते एवढंच: दोघं सज्ञान आणि शुद्धीवर होते का, संमती मोकळी होती का, मोबदला आणि हेतू कायद्यात बसतात का. जमिनीच्या खरेदीसारख्या काही व्यवहारांना कागद आणि नोंदणी लागतेच. बाकी ठिकाणी बोललेला शब्दही करार असतो. तो सिद्ध करणं ही वेगळी कटकट. पैसे पारावर मोजून दिले होते आणि पाहणारे चौघं होते, म्हणजे तीही फार नाही.

मामाचा चेहरा खुलला. "मंग पोलिसाले सांगून आनता येईन का त्याले?"

ते मात्र जमायचं नाही. पैशाचा दावा लावता येतो, तोही त्यानं केलेल्या कामाचा हिशेब वजा करून. पण त्याला तुमच्या बैलांमागे उभं करणारा हुकूम कोणतंही कोर्ट देत नाही. आणि उचल फिटेपर्यंत दटावून राबवून घेतलंत, तर १९७६चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा तुमच्याच दारात येईल. भाचा हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करत होता. फी त्यांनी विचारली नाही, मीही सांगितली नाही. म्हणजे आमचा करार काही अजून झालेला नाही.

९.४५

कोर्टाच्या आवारात स्टॅम्पवाल्याचं टेबल. ऑक्टोबर २०२४मध्ये शंभराचा स्टॅम्प गेला आणि पाचशेचा आला. किंमत वाढली तशी लोकांची त्यावरची श्रद्धाही वाढली, असं मला वाटतं. "पाचशेच्या स्टॅम्पवर हाये साहेब" हे वाक्य माणसं छातीवर हात ठेवून म्हणतात. अहो, स्टॅम्प हा सरकारचा कर आहे. त्यावर लिहिलेलं खरं आहे की फुकाचं, याच्याशी सरकारला काही देणंघेणं नसतं.

आज एक तरुण असाच कागद घेऊन उभा. काकांनी ट्रॅक्टरसाठी दोन लाख देण्याचं लिहून दिलं होतं. सही, साक्षीदार, नोटरी, सगळं यथासांग. मग काकांचं मन फिरलं.

"बदल्यात तू काय देणार होतास?"

"मी काय देनार? काकाच हायेत ना ते."

इथेच गाडी अडली. मोबदल्याशिवाय दिलेलं वचन पंचविसाव्या कलमाप्रमाणे करार होत नाही. जवळच्या नात्यात मायेपोटी दिलेलं वचन टिकतं, पण ते लेखी हवं आणि नोंदवलेलंही हवं. यांनी स्टॅम्प घेतला, नोटरी केली, आणि दुय्यम निबंधकाकडे जायचंच राहिलं. मोबदला तोलामोलाचा असलाच पाहिजे असंही नाही. हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांत विकायला माणूस खुशीनं तयार झाला तर तो करारच, असं उदाहरण कायद्यानंच दिलं आहे. एवढा कमी भाव का, संमती खरंच मोकळी होती का, अशी शंका कोर्ट घेईल. पण नुसत्या कमी भावापायी करार मोडणार नाही. पोरगा म्हणाला, "म्हंजे त्याइले एक गोऱ्हा देऊन टाकाले पायजे होता." बरोबर. पण आधी ठरवून.

११ ते १.३०

पुकारे, तारखा. एक साक्षीदार गैरहजर, एका प्रकरणात समोरचे वकील नागपूरला. तिसरं मात्र चाललं. दोन एकरांचं साठेखत. इसार दिलेला, खरेदीखत झालं नाही, म्हणून घेणारा कोर्टात. मी देणाऱ्याकडून. उलटतपासणीत मला एकच प्रश्न महत्त्वाचा होता: ठरलेल्या तारखेला उरलेली रक्कम तुमच्याकडे होती का? तो बराच वेळ वर पंख्याकडे पाहत राहिला. जमीन हवी असेल तर आपण आपल्या बाजूनं तयार आणि तत्पर होतो, हे त्याला दाखवावं लागतं. माझ्या अशिलाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. "करार मोडल्यास इसार जप्त व दुप्पट दंड" असं साठेखतात लिहून घेतल्यामुळे तो निर्धास्त आहे. चौऱ्याहत्तरावं कलम त्याला मी दोनदा समजावलंय: लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. त्याच्या आत, वाजवी असेल तेवढंच कोर्ट देतं. त्याला ते पटत नाही. "लिहून देल्लंय त्यानं," एवढंच म्हणतो.

दुपारी २

बार रूम. भाकरी, ठेचा, आणि नव्या ज्युनिअरचा प्रश्न: "सर, फोनवरचा करार नेमका कुठे होतो?"

हा प्रश्न खामगावच्या बार रूममध्ये विचारायचा म्हणजे पंढरपुरात विठोबाचा पत्ता विचारण्यासारखं. २२ जुलै १९५९ला अहमदाबादच्या एका पेढीनं आमच्या गावच्या जिनिंग आणि तेलगिरणीशी ट्रंककॉलवर सरकी ढेपेचा सौदा केला. ढेप काही गेली नाही. पेढीनं अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. आमचे लोक म्हणाले, आम्ही 'हो' म्हटलं ते खामगावात, माल द्यायचा होता तोही इथेच, मग अहमदाबादच्या कोर्टाचा संबंध काय?

पत्रानं सौदा झाला असता तर आपलं चाललं असतं. चौथ्या कलमाप्रमाणे होकाराचं पत्र पेटीत पडलं, हातातून सुटलं, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. मग ते पोहोचो न पोहोचो. पण कायदा १८७२चा आणि बेलचं टेलिफोनचं पेटंट १८७६चं. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींनी ठरवलं की फोनवरचं बोलणं म्हणजे समोरासमोरचंच बोलणं, होकार जिथे ऐकू गेला तिथे करार झाला. म्हणजे अहमदाबाद. तिसरे होते न्या. हिदायतुल्ला, नागपुरात वकिली केलेले. त्यांचं मत वेगळं पडलं. कायद्याचे शब्द आहेत तसेच वाचा, म्हणाले; होकार खामगावात तोंडातून सुटला, तिथेच करार झाला. १९६६च्या एआयआरमध्ये हा निकाल आहे. कायदा बहुमताचा, पण बार रूमचं मत अजून हिदायतुल्लांकडे. गावाचा अभिमान, दुसरं काय.

ज्युनिअरनं हट्ट सोडला नाही. "आणि मधेच लाईन तुटली तर?"

त्याचं उत्तर लॉर्ड डेनिंगनी १९५५मध्ये इंग्लंडात देऊन ठेवलंय. नदीच्या दोन काठांवर दोघं ओरडून सौदा करताहेत, 'हो' म्हणताना डोक्यावरून विमान गेलं, ऐकूच आलं नाही. मग करार नाही. विमान जाऊ द्या आणि पुन्हा ओरडा.

५.१५

ऑफिस. खासगी क्लासमधले एक शिक्षक आले. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं या शहरात शिकवणार नाही, असं रुजू होताना लिहून दिलं होतं. आता झोप उडाली आहे. कलम सत्तावीस: धंद्यावरची अशी बंदी निरर्थक. नोकरीत असताना लागू असेल, सोडल्यावर नाही. त्यांना इतकं हायसं वाटलं, की मुलांच्या याद्या आणि नोट्स सोबत नेऊ नका हे सांगेपर्यंत ते जिन्यात पोहोचले होते. तिथून बोलावून सांगितलं.

रात्री ८.४५

ताटावर बसलो आणि फोन वाजला. ढेपेचाच व्यापारी. या गावात दुसरं काय असणार? सकाळी अकोल्याच्या पार्टीचा भाव त्यानं फोनवर मान्य केला आणि दुपारी बाजार उतरला.

"म्या 'हो' म्हटलं, पन तेवढ्यात फोन कटला साहेब. आयकलं का नाई, कोनाले मालूम!"

मला विमान आठवलं. "त्यांचा परत आला होता का?"

"आल्ता. म्या उचलला नाई."

"आणि व्हॉट्सॲप?"

थोडा वेळ शांतता. "त्याइनं लिवलं, सौदा पक्का, उद्या गाडी धाडतो. म्या आपला सवयीनं अंगठा धाडला."

वऱ्हाडात अंगठ्यानं किती जमिनी गेल्या याचा हिशेब नाही; आता हा पिवळा अंगठाही त्यात आला. उद्या साडेसातला मोबाईल घेऊन या, काही पुसू नका, म्हणून सांगितलं.

"फी किती व्हईन?"

सकाळची चूक नको म्हणून लगेच आकडा सांगितला. पलीकडून काही आलं नाही. मी पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं. फोन कानापासून दूर करून पाहिलं, तर लाईन चालू होती.