सातव्या दिवसाचा हिशेब

सप्टेंबर 1999 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने कोळशाच्या राखेची अधिसूचना काढली, तेव्हा मी साइटवर नवखा होतो. औष्णिक वीज केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळावी, असा तो हुकूम. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, सगळीकडे राख साठून राहिलेली. राख घातलेलं सिमेंटही बाजारात होतं, पण चलती साध्या 53 ग्रेड सिमेंटची. राखेच्या पोत्याला आमचे मुकादम सरळ ‘भेसळ’ म्हणायचे.

राखेच्या सिमेंटच्या पहिल्या क्यूबनी, म्हणजे चाचणीच्या ठोकळ्यांनी, त्यांचीच बाजू घेतली. पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा, एम-20 काँक्रीटचा. 28 दिवसांनी त्याने 450 किलोन्यूटन पेलायचे. सातव्या दिवशीच्या ठोकळ्यावर दाबयंत्राचा काटा निम्म्याच्या जरा पुढे गेला आणि कोपऱ्यांच्या कपच्या उडाल्या. मुकादम काही बोलले नाहीत, नुसते हसले. त्याच घाण्यातला एक ठोकळा पाण्याच्या टाकीच्या तळाशी विसरून राहिला होता. तीन महिन्यांनी फोडला, तर काटा साडेचारशे ओलांडून बराच पुढे गेला.

यात जादू नाही. सिमेंट पाण्याने घट्ट होताना थोडा चुना मोकळा सुटतो. राखेतली सिलिका तो चुना धरते आणि त्याचं आणखी चिकट द्रव्य बनवते. बारीक छिद्रं बुजतात. मात्र हे काम सावकाश चालतं आणि तोवर काँक्रीटच्या पोटात ओल टिकावी लागते.

काँक्रीटच्या भारतीय मानकात, 2000 सालच्या आयएस 456 मध्ये, हे स्पष्ट लिहिलं आहे: साध्या सिमेंटला निदान 7 दिवस पाणी, राखेच्या सिमेंटला 10, कोरड्या-उष्ण हवेत अनुक्रमे 10 आणि 14. आमच्याकडे सिमेंट बदललं, कॅलेंडर बदललं नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येतं, त्यामुळे तो कसाबसा तरतो. उभ्या कॉलमवर मारलेलं पाणी खाली ओघळतं आणि गोणपाट दुपारपर्यंत कडक वाळतं. एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. त्या दिवसांत कॉलमवर टँकर रिकामा करा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. ओल धरून ठेवणारं क्युरिंग कंपाउंड तेव्हा कामी आलं, पण फवारा नीट बसला तरच.

दोष घटकांतही असतो. वीज केंद्राच्या फिल्टरमध्ये पकडलेली बारीक, गोल कणांची राख मिश्रण सैल करते, पाणी वाचवते. राखेच्या तळ्यातली भरड राख तसं करत नाही. दगड फोडून केलेल्या क्रश सँडमध्ये भुकटी जास्त असली की माल घट्ट होतो, मग कुणीतरी मिक्सरमध्ये पाण्याचा पाइप सोडतो. त्या चार बादल्यांनी होणारं नुकसान नंतर कितीही पाणी मारून भरून निघत नाही. एका नामांकित ठेकेदाराच्या साइटवर हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो. ते अजून टोचतं.

मिश्र सिमेंट राखेचंच असतं असं नाही. किनाऱ्यावर लोखंडाच्या भट्टीतल्या स्लॅगचं सिमेंट खाऱ्या हवेला चांगलं तोंड देतं. 2023 मध्ये भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीच्या सिमेंटचंही मानक आलं, आयएस 18189. भाजलेली माती आणि चुना! आमचे आजोबा विटांची सुरखी कुटून चुन्यात घालत, तेव्हा हेच रसायन चालायचं.

गेल्या महिन्यात तेच मुकादम भेटले, आता ठेकेदार झालेत. आठव्या दिवशी कॉलमचं गोणपाट सोडायला त्यांच्या पोराने हात घातला. ‘‘राख आहे त्यात, राहू दे अजून आठवडाभर,’’ ते ओरडले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.