बहुप्रेषण आणि बोगदे

एकच भाषण वीस ठिकाणी ऐकवायचे, तर त्याच्या वीस प्रती धाडणे हा सरळ, पण उधळपट्टीचा मार्ग होय. बहुप्रेषणात, म्हणजेच मल्टिकास्टमध्ये, मूळ स्थानाहून एकच प्रत निघते. वाट जेथे फुटते तेथील राउटर तिच्या आवश्यक तेवढ्या प्रती करतो. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये इंटरनेटसाठी याचे नियम मांडले. परंतु मधल्या बहुतेक राउटरांना समूहाचा पत्ता म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते.

तेव्हा त्यांना चुकवून जाणारे 'बोगदे' योजण्यात आले. आरंभी पॅकेटच्या मथळ्यातच वाटेतील मुक्काम लिहून देत. असे पॅकेट हाताळताना राउटर मंदावत. म्हणून पुढे लिफाफ्याची रीत आली. समूहाचा पत्ता असलेले अख्खे पॅकेट साध्या पत्त्याच्या दुसऱ्या पॅकेटात घालावयाचे. मधले राउटर वरचा पत्ता तेवढा वाचतात, पलीकडचा जाणता राउटर लिफाफा फोडून आतील मजकूर समूहास वाटतो. टपालाची थैली याहून निराळे काय करते?

मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या बैठकीतील भाषणे बोगद्यांच्या आधारे तीन खंडांतील वीस ठिकाणी ऐकू गेली. या जाळ्याला पुढे 'एमबोन' हे नाव पडले.

मात्र हे बोगदे व्यवस्थापक हाताने आखीत, आणि खालची तार बोगद्याला दिसत नाही. एकाच तारेवरून तीन बोगदे गेले, की तेच पॅकेट तिच्यावरून तीनदा धावे.