ओला फडका ते दाबाचा काटा

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासाच्या आत पोखर्णी येते. इथलं नृसिंहाचं मंदिर सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. परळीच्या लोहमार्गावरच्या स्टेशनलाही ‘पोखर्णी नृसिंह’ असंच नाव आहे. नृसिंह जयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीची, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली. वडिलांनी 1987 साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, तेव्हापासून आमची ही वारी गाडीनं सुरू झाली आणि गाडीचं दुखणंही तिथंच पहिल्यांदा कळलं. जाताना कसलीच तक्रार नसायची. दर्शन, प्रसाद, ओळखीच्यांशी दोन शब्द, असा पाऊण तास जायचा. परत निघताना मात्र सेल्फ जोरात फिरायचा आणि इंजिन काही पेट घ्यायचं नाही.

मग वडील बोनेट उघडायचे, कळशीतल्या पाण्यात फडका भिजवायचे आणि पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. दहा मिनिटांनी गाडी सुरू व्हायची. त्या काळच्या पद्मिनी-फियाट चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ओला फडका त्याला ठाऊक असणारच. ‘पंपानं एअर धरली’ हे निदान आणि फडका हा उतारा, दोन्ही एकमेकांना इतके चिकटले होते की त्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

निदान निराधार नव्हतं. या गाड्यांचा पंप इंजिनलाच बसवलेला असतो. कॅमशाफ्टच्या रेट्यानं त्याचा पडदा खालीवर होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल तो ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. परभणीचा पारा 42 अंशांवर गेलेला, त्यात इंजिनची धग. नळीत वाफ झाली की पंप नुसती वाफ चघळत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. कार्ब्युरेटरच्या कुठल्याही गाडीला हे होऊ शकतं.

आमच्या गाडीवर या निदानानुसार पंधरावीस वर्षं इलाज झाले. पंपाचा पडदा बदलला, मग अख्खा पंप बदलला. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग झाले. कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला. दर वेळी गाडी सुधारल्यासारखी वाटायची. आज मागे वळून पाहताना त्यातली मेख दिसते. गाडी गॅरेजला जायची मे महिन्याच्या अखेरीस, आणि बाहेर यायची तेव्हा मृग लागलेला असायचा. पावसानं हवा गार व्हायची आणि श्रेय नव्या कॉइलला मिळायचं. पुढच्या वैशाखात पोखर्णीला पुन्हा तेच.

उलगडा झाला तो वडिलांच्या वहीमुळे. पेट्रोल किती भरलं, कुठं गेलो, गाडी कुठं रुसली, हे ते एका लांब वहीत लिहून ठेवत. ते गेल्यावर 2012 साली मी ती वही पानं उलटत वाचली आणि रुसव्याच्या नोंदी वेगळ्या काढल्या. पाच मिनिटांच्या थांब्यानंतर गाडी कधीच अडली नव्हती. दोन तास उभी राहिल्यावरही नाही. अडली होती ती फक्त पंधरा मिनिटं ते तासाभराच्या थांब्यानंतर. आणि चालत्या गाडीनं भर रस्त्यात दम तोडल्याची एकही नोंद नव्हती. पंप खरंच वाफ धरत असता, तर घाटात, गर्दीत, गाडी चालू असतानाही कधीतरी अडखळली असती.

इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडातली धग कायम राहते. पुढची दहावीस मिनिटं बोनेटखालचं तापमान उतरत नाही, उलट चढतं, आणि मग सावकाश उतरतं. गाडी नेमकी या वेळात अडत होती. प्रश्न एवढाच उरला की या वेळात पेट्रोल कमी पडतं, की जास्त होतं?

त्या मे महिन्यात गॅरेजच्या मिस्त्रींना घेऊन मुद्दाम पोखर्णीला गेलो. पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या नळीत टी-जोड घालून त्यावर दाबाचा मीटर बसवला होता. अशा गाड्यांत हा दाब साधारण 2 ते 4 पीएसआय असतो. चाकातल्या हवेचा दाब 25 च्या पुढे असतो, त्याच्यापुढे हा अगदी नाजूक. गाडी बंद केली तेव्हा काटा 3 वर होता. नळी रिकामी होत असती, तर तो खाली यायला हवा होता. आम्ही दोघं बोनेटवर वाकून बघत होतो आणि काटा हळूहळू वर सरकत होता. दहा मिनिटांत तो 6 च्या पुढे गेला. मिस्त्रींनी एक प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. ओला, काळा, पेट्रोलचा भपका मारणारा.

पंपाची झडप आणि कार्ब्युरेटरची सुई यांच्यामध्ये कोंडलेलं पेट्रोल धगीनं फुगत होतं, थोडं वाफाळत होतं. तो दाब सुईला पेलत नव्हता. ती उचलली जायची आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरायचं. पंधरावीस वर्षं आम्ही तहानेचा इलाज करत होतो आणि गाडी बुडत होती. त्यात वडील घाईनं ॲक्सिलरेटर चारपाचदा दाबायचे, दर दाबाला आणखी एक पिचकारी आत जायची. फडका मात्र खोटा नव्हता. त्यानं पंप आणि नळी गार होऊन दाब उतरायचा, आणि त्या दहा मिनिटांत आतलं जास्तीचं पेट्रोल उडून जायचं.

दुरुस्ती स्वस्तात झाली. एक्झॉस्टला खेटून गेलेली नळी लांबून फिरवली, कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचं जाड पॅकिंग घातलं, सुई बदलली आणि कोंडलेल्या पेट्रोलला टाकीकडे परतायला एक बारीक नळी दिली. चालू करायची रीत बदलली: ॲक्सिलरेटर तळापर्यंत एकदाच दाबून धरायचा, हलवायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. हवा भरपूर जाते, पेट्रोल ओसरतं.

नंतर काळ बदलला. देशातल्या पेट्रोलमध्ये 2022 साली इथेनॉल 10 टक्क्यांवर गेलं आणि 2025 साली 20 टक्क्यांवर. इथेनॉलची भर पडली की पेट्रोलचा वाफाळण्याचा स्वभाव बदलतो, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घेतले. इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि दाब कितीतरी जास्त, त्यामुळे तिथं वाफेचा त्रास क्वचित. तिथं गरम गाडी अडली, तर बंद केल्यावर दाब टिकतो का, हे आधी पाहावं लागतं. यंत्र बदललं तरी मीटर लावून पाहण्याला पर्याय नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच: सुटा भाग विकत घेण्याआधी एक प्लग काढून पाहा. ओला आहे की कोरडा? निम्मं निदान तिथंच होतं. आणि नोंदी ठेवा. वडिलांच्या अक्षरातल्या वहीत पंचवीस वर्षं उत्तर लिहिलेलं होतं, ते कुणी सलग वाचलं नव्हतं एवढंच.

ती वही आता मी लिहितो. 2013 च्या नृसिंह जयंतीची नोंद माझ्या अक्षरात आहे: पोखर्णी, थांबा चाळीस मिनिटं, पहिल्या सेल्फला चालू.