मूळ गाडीला मोठे टायर

सुझुकी जिम्नीच्या मूळ टायरवर १९५/८० आर १५ असं लिहिलेलं असतं. रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची. हिशेबाने व्यास ६९३ मिलिमीटर. २१५/७५ बसवला तर ७०४ भरतो, म्हणजे गाडी जेमतेम ५ मिलिमीटर उचलली जाते. एवढ्यासाठी खर्च करू नये. पकड हवी असेल तर गोष्ट वेगळी.

२३५/७५ घेतला की व्यास ७३४ होतो, गाडी २० मिलिमीटर वर जाते. पण काटा तोच वेग दाखवत असताना गाडी आधीपेक्षा सुमारे ६ टक्के जास्त वेगाने धावते. चढावर गिअर जड वाटतात, ब्रेकवर ताण येतो.

घासतं का, हे सपाट जागेवर कळत नाही. एक चाक दगडावर चढवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, मग बंपरची आतली कड आणि मडफ्लॅप हाताने चाचपा. दोन्ही दिशांना बोटभर फट राहायलाच हवी, कारण खड्ड्यात स्प्रिंग आणखी दबते. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. तिचं वाढीव वजन मागच्या दाराच्या बिजागऱ्यांवर येतं.