जावास्क्रिप्टमधील पुनरावृत्त नोंदींचे एकत्रीकरण : पीक कर्जखात्यांच्या संदर्भात

एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदी एकत्र करणे हे वरकरणी केवळ तांत्रिक काम वाटते. वस्तुतः ‘एक’ कोणास म्हणावयाचे, हे आधी ठरवावे लागते. महाराष्ट्र शासनाच्या 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत सुरुवातीस कुटुंब हा घटक धरून दीड लाख रुपयांची मर्यादा होती. डिसेंबर 2019 च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत वैयक्तिक शेतकरी हा घटक झाला. मर्यादा 2 लाखांची आणि तीही सर्व बँकांतील खाती एकत्रित धरून.

समजा, मुरुड येथील एका शेतकऱ्याकडे जिल्हा बँकेचे 80,000 व राष्ट्रीयीकृत बँकेचे 1,30,000 रुपये थकीत आहेत. खाती सुटी पाहिल्यास दोन्ही मर्यादेत बसतात. एकत्र केल्यास बेरीज 2,10,000 होते. जावास्क्रिप्टमध्ये अशी प्रत्येक नोंद म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’ आणि त्यांची यादी म्हणजे ‘अ‍ॅरे’ होय. प्रत्येक नोंद इतर सर्व नोंदींशी ताडून पाहिल्यास 10,000 नोंदींसाठी सुमारे 5 कोटी तुलना होतात. त्याऐवजी 2015 च्या आवृत्तीत आलेला ‘मॅप’ वापरावा. आधार क्रमांक ही किल्ली मानून यादी एकदाच वाचावी. किल्ली नवीन असल्यास नोंदीची प्रत ठेवावी, आधीची असल्यास रक्कम मिळवावी. ‘रिड्यूस’ या पद्धतीनेही हेच साधते.

येथे ‘प्रत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मूळ ऑब्जेक्टमध्येच रक्कम मिळवल्यास मूळ यादी बिघडते व आज्ञावली पुन्हा चालवताच बेरीज फुगते. रक्कम अक्षररूपात आली असेल तर अधिक चिन्ह बेरीज न करता आकडे शेजारी जोडते : ‘80000130000’. ‘मॅप’ला अंकरूप व अक्षररूप किल्ल्या भिन्न वाटतात, म्हणून आधार क्रमांक सर्वत्र अक्षररूपातच ठेवावा.

नावास किल्ली करणे मात्र सर्वथा टाळावे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते. त्यामुळे ‘गोऱ्हे’ हे एकच आडनाव संगणकास दोन वाटू शकते. ‘नॉर्मलाइज’ने हा दोष दूर होतो. परंतु एकाच गावातील दोन समनामी शेतकरी एक ठरले, तर दोघांच्या वाट्याला मिळून एकच मर्यादा येते. यास कोणतीही पद्धत उपाय नाही. म्हणून एकत्रित नोंदीत मूळ खातेक्रमांकांची यादी जपावी. तक्रार आल्यास गटसचिवास कोणती खाती एकत्र झाली, हे तीवरूनच दाखवता येते.